प्रतिवादी क्रमांक सात

ताईनं दार उघडलं. 'ये गोटू' म्हणाली नाही, 'या साहेब' असा टोमणाही मारला नाही. नुसती बाजूला झाली. धाकट्याला वाटलं, यापेक्षा टोमणा परवडला असता.

मागे त्याची बायको होती. तिच्या पर्समध्ये गुरुवारी घरी आलेली न्यायाधिकरणाची नोटीस, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात वकिलानं लिहून दिलेलं दोन पानी उत्तर. त्यावर नुसती सही व्हायची होती. आज रविवार. मंगळवारी तारीख.

आत नेहमीचा रविवार मांडलेला होता. टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर मटारच्या शेंगांचा हिरवा ढीग, ढिगाच्या एका अंगाला आई आणि दुसऱ्या अंगाला मामा. आईचा उजवा पाय स्टुलावर. सव्वीस वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तो पाय घरात पाहुण्यासारखा राहायचा, त्याला बसायला वेगळं आसन लागायचं. मामा जन्मभर कोर्टात पुकारा करून निवृत्त झालेला. दात गेले होते, आवाज होता.

"प्रतिवादी क्रमांक सात, हाऽऽजीर हो!" मामानं आरोळी ठोकली.

"मामा, आज नको," ताई म्हणाली.

"अगं, कोर्टाच्या पायरीवर हसून घ्यावं. आत गेल्यावर हसलं की दंड होतो." मामानं एक शेंग फोडली, दाणे तोंडातच टाकले. "चाळीस वर्षांत भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहिलेले खूप पाहिले. जमिनीसाठी, घरासाठी, आईच्या बांगड्यांसाठी. पण ज्येष्ठता यादीतल्या नंबरासाठी? हे आपल्याच घराण्यानं काढलं."

"दाणे पातेल्यात टाक," आई त्याला म्हणाली. मग धाकट्याकडे न बघता, "बसा रे दोघं. उभ्यानं भांडण लवकर चढतं."

धाकटा बसला. बायको बसली. ताई उभीच राहिली, खिडकीशी. समोरच्या वाण्यानं तिला खिडकीत पाहिलं आणि रविवार असूनही हात आपोआप काट्याकडे नेऊन तो सरळ केला. वजनमापे खात्यातली बाई समोर राहते म्हणजे काय, ते त्या गल्लीतल्या वाण्याला, भाजीवाल्याला, रद्दीवाल्याला पुरतं ठाऊक होतं. या गल्लीत किलो म्हणजे किलोच भरायचा.

दोघं भावंडं एकाच खात्यात, एकाच परीक्षेतून, एकाच यादीतून लागलेली. निवड यादीत ताई तिसरी होती, धाकटा नववा. पण रुजू व्हायची शेवटची तारीख आली तेव्हा आई दवाखान्यात खाटेवर होती. आईच्या उशाशी ताई, औषधाच्या चिठ्ठीपाशी ताई, डॉक्टरांच्या दाराशी ताई. आणि धाकटा नव्या बुटांत, नव्या नोकरीत. ताईनं मुदतवाढीचा अर्ज लिहून त्याच्याकडे दिला होता. अर्ज शेवटच्या तारखेच्या आत कचेरीत पोचला असता तर तिचा तिसरा नंबर जागचा हलला नसता. पण अर्जावर आवकचा शिक्का पडला तो दोन दिवस उशिराचा. ताई मुदत टळल्यावर अकराव्या दिवशी रुजू झाली आणि यादीत मधल्या सहाही जणांच्या खाली गेली. धाकटा आठवा झाला. ताई नववी.

पुढे वरच्या जागा निघाल्या त्या नेमक्या आठ. आठव्या खुर्चीवर धाकटा बसला. गेली अकरा वर्षं ताई त्याला फाईल पाठवत होती, तळाशी 'सादर' लिहून. तो त्यावर 'चर्चा करा' असा शेरा मारायचा, कारण चर्चा केल्याशिवाय त्याला काहीच कळायचं नाही.

ताईनं हरकत घेतली होती, पहिली यादी लागली तेव्हाच घेतली होती. खात्यानं यादीवर 'तात्पुरती' असं लिहून ठेवलं, आणि ती तात्पुरती यादी चोवीस वर्षं जगली. औंदा कुणालातरी जाग आली. यादी अंतिम झाली, ताई नववीच राहिली. तिला निवृत्त व्हायला चौदा महिने उरले होते. तिनं दावा घातला. पहिला प्रतिवादी खातं, आणि दोनपासून सातपर्यंत तिच्या पुढे गेलेली ती सहा माणसं. सातवा तिचा भाऊ. त्याला वगळून पाचांवरच दावा चालत नाही, असं तिच्या वकिलानं सांगितलं होतं. ती जिंकली तर तिसरी होणार होती, धाकटा परत नववा होणार होता आणि आठव्या खुर्चीवरून उठून निरीक्षकांच्या लांब टेबलाशी जाऊन बसणार होता.

"नोटीस मी घेतली," त्याची बायको म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पोस्टमन म्हणाला, कोर्टाचं आहे, सही करा. मला वाटलं शेजाऱ्यांचं असेल. उघडून बघते तर ताईंचं नाव वर आणि यांचं खाली. ताई, एक फोन तरी करायचा होतात."

"काय सांगितलं असतं फोनवर, मास्तरीणबाई? तुझ्या नवऱ्यावर दावा घालतेय, डबा जरा मोठा दे?"

"निदान घरात तरी—"

"घरात मी सव्वीस वर्षं बोलले नाही. कारण बोलले असते तर हा जेवला नसता." ताई वळली. आवाज शांत होता. कचेरीत काट्यावाल्याला 'दीड ग्रॅम कमी आहे' सांगताना असायचा तसाच. "गोटू, तुझ्या खुर्चीशी माझं भांडण नाही. मला तुझ्याकडून एक ओळ हवीय. अर्ज तू रुजू झालास त्याच दिवशी आवकमध्ये दिलास, आणि तिथल्या कारकून अण्णानं शिक्का मारायला लावले पाच दिवस. बस्स. तो दिवस पाहिलेला माणूस आता तू एकटाच उरलायस. बाकी तुझ्या वकिलाला काय लिहायचं ते लिहू दे."

"त्या एका ओळीनं यांची खुर्ची जाते," बायको म्हणाली.

"जाते."

"आणि लेकीचं शेवटचं वर्ष आहे कॉलेजचं."

"तिची फी मी भरीन. मला कोण आहे दुसरं?"

"प्रश्न फीचा नाहीये, ताई. पन्नाशीनंतर माणसाला खाली उतरवलं की तो घरात कसा बसतो ते मी बघायचं आहे. तुम्ही नाही."

ताई पुन्हा खिडकीकडे वळली.

आईनं शेंग खाली ठेवली. "एकानं घ्यावं, एकानं सोडावं. तो मुलगा आहे, त्याला संसार आहे. तुझे चौदा महिने उरलेत, पोरी. आता कशाला?"

"अक्का, तू नेहमीच असं करतेस," मामा म्हणाला. "जो नाही बोलत त्याच्या बाजूला जाऊन बसतेस."

आणि खरंच, धाकटा बोलत नव्हता. त्याच्या समोरच्या शेंगा तशाच होत्या. खिशातलं दोन पानी उत्तर छातीशी कुरकुरत होतं. त्यातलं चौथं वाक्य त्याला पाठ होतं: 'अर्जदाराचा मुदतवाढीचा अर्ज विहित मुदतीत कार्यालयास प्राप्त झाला नाही.' वकील म्हणाला होता, साहेब, यात एक अक्षर खोटं नाही, डोळे मिटून सही करा. डोळे मिटले की मात्र त्याला जीप दिसायची.

"त्या दिवशी मी अर्ज दिला नाही," तो म्हणाला.

ताई म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे दिलाच नाही. मी रुजू झालो, सही केली, तेवढ्यात तपासणीची जीप निघत होती. मोठे साहेब म्हणाले, नवा आहेस ना, चढ. लांबच्या बाजाराला. माझ्या मांडीवर प्रमाण वजनांची पेटी दिली. म्हणाले, पेटी खाली ठेवायची नाही, वजनांना हात लावायचा नाही, बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. मी पाच दिवस पेटी सांभाळली, ताई. तुझा अर्ज बॅगेत होता. पुस्तकात."

कुणी त्याला अडवलं नाही, म्हणून तो पुढे बोलत राहिला. इतकी वर्षं आत राहिलेलं बोलणं. ते बाहेर येताना कुठल्या रस्त्यानं यावं हे त्यालाच कळत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. समोरच पोस्ट होतं. तिथून कचेरीला तार करता आली असती. नाहीतर साहेबांना सांगून अर्ध्या तासात फोन लावला असता. पण नोकरीचा दुसरा दिवस. अर्धा तास मागायची लाज वाटली. म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय. परत आलो तेव्हा तारीख टळून दोन दिवस झालेले. मी अर्ज अण्णांच्या पुढे धरला. त्यांनी अर्जावरची तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, उशीर झाला रे पोरा. आणि त्या दिवसाचा शिक्का मारला. खरा शिक्का मारला, ताई."

ताई आता टेबलाशी येऊन बसली होती. तिनं एक शेंग घेतली, फोडली. दाणे सालपटांच्या ढिगात टाकले आणि सालपट पातेल्यात. दुसरी घेतली, तसंच केलं. आईनं हात पुढे करून तिसरी शेंग तिच्या बोटांतून काढून घेतली.

"मी अण्णाला खोटारडा म्हटलं होतं," ताई म्हणाली. "चारचौघांत. त्याच्या टेबलावर हात आपटून. तू होतास तिथे."

"होतो."

"तो म्हणाला, बाई, शिक्का बरोबर आहे. एवढंच म्हणाला. तुझं नाव घेतलं नाही त्यानं."

"नाही घेतलं. नंतरही कधी नाही. मला वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग ते निवृत्तच झाले."

"त्याच्या निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. तो वारला, सगळी कचेरी गेली, मी गेले नाही. एकटीच बसून टपाल काढत राहिले आणि मनात म्हटलं, बरं झालं." तिनं तळव्यानं टेबलावरचं वर्तमानपत्र सपाट केलं. ते सपाटच होतं. "सव्वीस वर्षं मी एका सरळ माणसाचा राग केला, गोटू. तो कचेरीत होता तोवर रोज सकाळी त्याच्या टेबलावरून जाताना मान फिरवली. नंबर गेला त्याचं मी बघून घेतलं असतं. हे कुणी बघायचं?"

धाकट्याला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर त्याला रडता आलं असतं.

आधी बोलली ती आई. तिनं स्टुलावरचा पाय खाली घेतला. हे ती सहसा करत नसे. "मग लिही की दिलास म्हणून. त्याच दिवशी दिलास असं लिही."

"अक्का!" मामा म्हणाला.

"काय अक्का? माझ्या पायापायी तिचं गेलं. माझ्या उशाशी बसली म्हणून गेलं. आणि याच्या लाजेपायी गेलं. आता यानं एक ओळ खोटी लिहिली तर आभाळ पडणार नाही."

"आई, शपथेवर?" बायको म्हणाली.

"बिनशपथेचं खोटं जमलं ना त्याला इतकी वर्षं?"

मघाशी मुलाच्या बाजूला बसलेली आई अशी एका वाक्यात टेबल ओलांडून लेकीकडे गेली. धाकट्याला ते लागलं, आणि बरंही वाटलं. तो म्हणाला, "लिहितो मी. ताई, तू म्हणशील ते लिहितो. नाहीतर मी खुर्चीच सोडतो. उद्या राजीनामा देतो पदाचा. मग आठवी जागा आपोआप नवव्याला, म्हणजे तुला."

"मला तुझी खुर्ची नकोय," ताई म्हणाली. "मला माझा नंबर हवाय. मी तिसरी आले होते."

इतकं सरळ, इतकं लहान मुलीसारखं ती ते म्हणाली की मामानंसुद्धा तोंडातला दाणा घोळवणं थांबवलं.

बायकोनं हात लांब केला आणि धाकट्याच्या खिशातून ते उत्तर काढून घेतलं. उलगडलं. चौथ्या वाक्यावर बोट ठेवून, वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "अहो, मलासुद्धा नाही सांगितलंत."

"लाज वाटली."

"तुमची लाज फार महागात पडते सगळ्यांना." तिनं कागद टेबलावर ठेवला. "हे खरं आहे, नाही का? अर्ज वेळेत आला नाही. सही करा, घरी चला, आपलं काहीच जात नाही." पुढचं ती बोलली ते आपल्याच चष्म्याच्या काड्यांशी चाळा करत. "पण मी मुलांना सांगते, पूर्ण वाक्यात उत्तर लिहा. अर्ज वेळेत आला नाही. का आला नाही? कुणामुळे आला नाही? या वाक्यात तुम्ही कुठे आहात?"

ताईनं भावजयीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "पूर्ण वाक्य लिहिलं तर काय होईल?"

मामानं पुकाऱ्याचा आवाज खाली ठेवला आणि दुसरा, म्हातारा आवाज काढला. "अर्ज उशिरा पोचला हे पक्कं होईल. ते तुझ्या विरुद्ध. चूक अर्जदाराची नव्हती, ज्याच्या हाती दिला त्याची होती, आणि तो स्वतः शपथेवर कबूल करतोय, तेही स्वतःचं नुकसान करून. ते तुझ्या बाजूनं. समोर बसलेला माणूस कसा आहे त्यावर जाईल. दहात चार आणे धर."

"दहात चार आणे म्हणजे किती, मामा?"

"म्हणजे थोडं. पण खोटं लिहिलंत आणि खात्याच्या वकिलानं जीपचं लॉगबुक काढलं, तर दोघंही नोकरीतून जाल. सरकारी जीप कुठे कुठे गेली ते सरकार कधी फेकत नाही."

ताई उठली. आतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा, दोन पेनं आणि आपल्या दाव्याची प्रत घेऊन आली. मटार बाजूला सारले. आधी आपली प्रत उघडली, सहाव्या परिच्छेदाशी आली. 'तत्कालीन आवक कारकुनाने हेतुपुरस्सर उशिराची तारीख टाकली.' तिनं त्यावर एक रेघ मारली. मग दुसरी. मग समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'वगळावे', आणि तारीख घातली.

"दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल," मामा म्हणाला.

"देईन." तिनं कोरा कागद भावापुढे सरकवला. "लिही. प्रतिवादी क्रमांक सात शपथेवर कथन करतो की."

धाकटा लिहू लागला. कचेरीत तो तिच्या मसुद्यावर शेरे मारायचा. आज ती त्याच्या प्रत्येक ओळीवर होती. 'माझ्या ताईने' लिहिलं तेव्हा म्हणाली, "अर्जदाराने लिही. इथे नातं आणलंस की समोरच्याला वाटेल मी शिकवून पाठवलाय." जीप लिहिली. पेटी लिहिली. पोस्ट लिहिलं तेव्हा तो अडखळला.

"हे पण?"

"हे पण. पोस्ट समोर होतं हे लिहिलंस तरच कळेल की करता आलं असतं."

"आणि लाज?"

बायको म्हणाली, "लिहू द्या. कारण तेच होतं."

मग आवकच्या अण्णांचं वाक्य आलं. ते ताईनं स्वतः सांगितलं, शब्द शब्द तोलून, आणि त्यात अण्णांचं पद पूर्ण घातलं. 'सदर कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष प्राप्तीच्या दिनांकाचाच शिक्का मारला असून त्याच्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही.' ते लिहून होईपर्यंत ती धाकट्याच्या खांद्यामागे उभी होती. त्यानं वर पाहिलं नाही.

चहा झाला. तो बायकोनंच केला. साखर कुठे आहे हे तिला विचारावं लागलं. आईचा पाय पुन्हा स्टुलावर गेला. मामा शेंगांच्या ढिगापाशीच बसल्या बसल्या पेंगला. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून खाली उतरलं. तीन पानं झाली.

"ताई," धाकटा म्हणाला, "तू मला—"

"आज नको." तिनं पानं जुळवली. "उद्या ऑफिसात कामाचं बोलू. घरचं बोलायला मला वेळ लागेल. किती ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही."

तो मान हलवून उठला. चपला घातल्या. बायको आईच्या पाया पडली, ताईजवळ घुटमळली. "पातेल्यातली सालपटं मी काढलीत सगळी," असं काहीतरी म्हणाली आणि जिना उतरू लागली. तोही उतरला. एक मजला उतरला असेल नसेल, तर वरून हाक आली.

"गोटू."

ताई जिन्यात आली होती, अनवाणी, हातात तीन पानं आणि पेन. "पानोपानी सही राहिली."

"हा कच्चा मसुदा आहे ना? टाईप झाल्यावर नोटरीसमोर करायची."

"ती तेव्हा कर. ही आत्ता कर. रात्रभरात तुला परत लाज वाटली तर माझ्याकडे हे असू दे."

खालच्या पायऱ्यांवरून बायको वर पाहत होती.

जिन्यात टेबल नव्हतं. ताईनं पहिलं पान भिंतीला लावलं आणि ते हलू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी वरून खालून दाबून धरलं. तिच्या दोन हातांच्या मधल्या जागेत त्यानं सही केली. दुसरं पान. तिसरं पान. तिसऱ्या पानाला पेन भिंतीच्या खड्ड्यात अडकलं, तेव्हा ती म्हणाली, "सावकाश. मी धरलाय कागद."